गाडीतल्या माणसांचं पाणी

नवापूरची हंसा तामोरे बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसली की तिची हाक थेट स्टेशनापर्यंत ऐकू जायची. बोंबील असो, मांदेली असो, नाहीतर नुसता जवळा असो, ती त्याचं असं काही कौतुक करायची की सहज डोकावलेला माणूससुद्धा एखादा वाटा घेतल्याशिवाय हलत नसे. भाव पाडून मागणाऱ्याला ती तोंडावर सांगायची, "भाऊ, समुद्रात तू उतर, मी इथं बसून भाव करते." लोक हसायचे आणि घ्यायचे.

तीच हंसा सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात मुकी झाली.

तिचा नवरा विश्राम हा गावातला दोरखंडाचा राजा. डोलकाठीवर चढावं तर विश्रामनं, वाळूत रुतलेली होडी ओढून काढावी तर विश्रामनं. एकदा वैतरणेच्या पुलाचं काहीतरी काम निघालं होतं. तिथं लोखंडी तुळई वर चढवताना दोर अडकला. विश्राम आपला मासळी पोचवून परत येताना तमाशा बघत उभा होता. त्याला राहवलं नाही. तो वर चढला आणि दोर मोकळा करून खाली आला. पुलाच्या ठेकेदाराच्या मुकादमानं त्याला तिथंच खलाशी म्हणून कामाला ठेवलं. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे, पुलांवरचा. जड वजनं दोरखंड आणि कप्प्यांवर उचलायची आणि जागेवर बसवायची, हे त्यांचं काम. पुढे त्याच ठेकेदाराला आसामात नदीवरच्या पुलाचं काम मिळालं आणि विश्राम तिकडं गेला.

"आसाम म्हणजे किती लांब?" हंसानं विचारलं होतं.

"लांब हाय. पन नदी एवढी मोठी हाय म्हनतात, की दुसरा काठ दिसत नाय. म्हंजे आपल्यासारकंच की."

पावसाळ्यात तिकडं नदी फुगायची, पुलाचं काम बंद व्हायचं. त्यामुळे इकडं होड्या किनाऱ्याला लागायच्या त्याच सुमारास विश्रामही घरी लागायचा. बाकीच्या बायकांचे नवरे आठ महिने पाण्यात, तर हंसाचा आठ महिने आसामात, एवढाच काय तो फरक. लेक पुष्पलता बापाला पावसाबरोबर येणारा पाहुणाच समजायची.

त्या वर्षी पावसाआधी तार आली. तारमास्तरानं ती वाचून दाखवली. आसामात एका स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीत बॉम्ब फुटला, त्यात विश्राम चिंतू तामोरे मरण पावला, एवढंच. बॉम्ब कोणी ठेवला, का ठेवला, काही नाही. नंतर पालघरहून वर्तमानपत्र आलं. त्यात बंडखोरांबद्दल लिहिलं होतं, गाडीतल्या जवानांची नावं होती, आणि शेवटी 'व इतर प्रवासी' असं होतं.

सासरे चिंतूबाबा तो कागद बराच वेळ उलटासुलटा करत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाले, "या इतरात आपला इश्राम हाय काय?"

"हाय, बाबा," हंसा म्हणाली.

किनाऱ्यावरच्या गावाला माणूस हरवण्याची सवय असते. समुद्रात गेलेल्याचं प्रेत आलं नाही तर काय करायचं, किती वाट बघायची, दर्भाचा पुतळा कधी करायचा, हे सगळं ठरलेलं असतं. पण समुद्राचं नाव गाव घेऊ शकतं, त्याला दोन शिव्या देऊ शकतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यातच होडी लोटू शकतं. डोंगरातल्या कुठल्याशा स्टेशनात उभ्या गाडीत माणूस जळून जातो, हे गावाच्या ओळखीचं मरण नव्हतं. पुतळा केला, दहन केलं, हंसानं बांगड्या उतरवल्या. तरी कुजबूज राहिलीच. कोणी म्हणालं, तिकडं दुसरी बाई केली असेल त्यानं, तार काय कोणीही करतं. कोणी म्हणालं, बॉम्बच्या भानगडीत हाच असला तर? हे ऐकून हंसा कोणाशी भांडली असती, तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. बाजारात टोपली घेऊन बसायची, हाक मारायची नाही. जो येईल तो घेईल.

पुढच्या जानेवारीत पालघरला एक सभा झाली. पासष्टच्या लढाईत पडलेल्या जवानांच्या स्मरणाची. हंसा चिंतूबाबांना घेऊन गेली. एकेक नाव वाचलं जात होतं आणि लोक उभे राहून ऐकत होते. एका जवानाची आई पुढे बसली होती, हंसाहून फार मोठी नव्हती. हंसानं तिच्या ओटीत शेवंतीची वेणी ठेवली. सभा संपल्यावर ती नावं वाचणाऱ्या मास्तरांकडे गेली.

"मास्तर, माझा मानूस आसामात गाडीत बॉम्बनं गेला. त्याला काय म्हनायचं?"

मास्तर भले गृहस्थ होते. ते गोंधळले. "लष्करात होता?"

"नाय. खलाशी होता. सुट्टीवर घरी येत होता."

"म्हणजे..." मास्तरांनी हातातली यादी पुन्हा पाहिली. "म्हणजे प्रवासी होता, बाई."

परतीच्या वाटेवर चिंतूबाबा म्हणाले, "परवासी तर परवासी. चांगला शबुद हाय." हंसानं मान हलवली, पण तिच्या मनातून तो शब्द जाईना. लढणाऱ्याला शत्रू माहीत असतो. हा तर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेला असणार.

तोवर तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं काम जोरात आलं होतं. कुठकुठली माणसं येत होती. बोईसर स्टेशनावर बिहारी, मद्रासी, पंजाबी, वऱ्हाडी सगळ्या बोल्या ऐकू यायच्या आणि एकमेकांशी सगळे मोडकं हिंदी बोलायचे. सालवडला झोपड्यांची आणि पत्र्याच्या खोल्यांची वस्ती उठली. बाजारात बसण्यापेक्षा तिथं दारोदार फिरलं तर मासळी लवकर संपते, हे कोळणींच्या लक्षात आलं. हंसाही जाऊ लागली. हाक न मारता विकायचं म्हणजे दारोदार फिरणंच बरं.

तिथं तिला सोजराबाई भेटली. जालन्याकडची बाई, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. ज्वारीच्या मुलखातली. तिनं आयुष्यात मासा पाहिला होता तो नदीतला, तोही दुसऱ्याच्या ताटात. हंसाच्या टोपलीतले सुके बोंबील पाहून तिनं पदर नाकाला लावला.

"अगं बया! हे काय आणलंस? मेल्या उंदरावाणी वास मारतोय."

"भाजून बघा एकदा. उंदीर असला तर मी परत नेते."

किती महिन्यांनी हंसाच्या तोंडून असं काही निघालं होतं. तिचं तिलाच नवल वाटलं. सोजराबाई हसली, पण बोंबील काही घेतले नाहीत. तेवढ्यात आतून तिचा नवरा बाहेर आला. रामकिसन, उंच, काटक, दंडावर भाजल्याची मोठी खूण. त्याचा दाढीचा साबणही अजून पुसायचा होता.

"हा वास," तो म्हणाला. "सोजरा, हा वास मला म्हाईत हाय." मग हंसाकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"नवापूरची."

"नवापूर?" त्यानं हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "तिथं समुद्र हाय का?"

हंसाला वाटलं, हा चेष्टा करतोय. "समुद्र नसता तर हे मासे काय आभाळातून पडले?"

रामकिसन उंबऱ्यावर बसला. "मी गेलतो नवापूरला," तो म्हणाला. "गेल्या साली. तिकीट काढलं नवापूरचं, गाडीत बसलो, उतरलो. खानदेशात! लोकांना इचारलं, समुद्र कुठाय? सगळे माझ्याकडं बघून हसायले. एक म्हातारा म्हणला, बाबा, इथं रंगावली नदी हाय, तिच्यात पाय धू अन् परत जा." मग हंसाकडे बघत म्हणाला, "विश्राम तामोरे म्हणून कोणी तुमच्या गावात व्हता का, बाई? खलाशी?"

हंसानं कडेवरची टोपली खाली ठेवली. ठेवताना ती कलंडली, बोंबील अंगणात सांडले, पण तिनं ते उचलले नाहीत. सोजराबाईनं पाहिलं मात्र, आणि मघाचा पदर नाकावरून काढून ती खाली वाकली आणि एकेक बोंबील टोपलीत भरू लागली.

रामकिसन विश्रामच्याच टोळीतला खलाशी. आसामातलं काम संपल्यावर तीच टोळी आता तारापूरला जड यंत्रं चढवायला आली होती. आठवडाही झाला नव्हता येऊन. नवापूर इथून हाकेच्या अंतरावर आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, कारण टोळीत तो विश्रामला दादा म्हणायचा, "मी त्याच्याबरोबर व्हतो."

त्यानं सांगितलं ते हंसानं भिंतीला टेकून ऐकलं. काम बंद झालं होतं, दोघं घरी निघाले होते. गाडी कसली, बैलगाडी बरी. दर स्टेशनात थांबत, पाणी पीत, कोळसा भरत चालली होती. डब्यात त्यांच्या कोपऱ्यात माणसं जमली आणि दोन दिवसांत घरच्यासारखी झाली. चहाच्या मळ्यात जन्म घालवलेलं एक म्हातारं जोडपं होतं, आपल्या मूळ गावी पहिल्यांदा निघालेलं. एक बंगाली मास्तर होता, छत्री मांडीवरून खाली न ठेवणारा. आरसे आणि फण्या विकणारा एक बिहारी फेरीवाला होता. आणि एक पोरगी होती, रूपाही नावाची, नवीनच लग्न झालेली. टोपलीत कोंबडी घेऊन माहेरी निघाली होती.

"विश्रामदादानं काय केलं असंल?" रामकिसनच्या चेहऱ्यावर हसू आलं. "डबा उघडला अन् सुके बोंबील काढले. अख्खा डबा बोंबलायला लागला. मास्तर तर छत्री उघडून तिच्याआड बसला. दादा एका स्टेशनात उतरला, इंजिनवाल्याच्या हातापाया पडला अन् इंजिनातल्या निखाऱ्यावर बोंबील भाजून आणले. मग मास्तरानं पहिला मागितला. ती म्हातारी तर काटासुदीक चावून खायली. त्या पोरीनं कोंबडीला पण दिला."

हंसा हसली. हसता हसताच डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"मग सगळ्यांना तहान लागली," रामकिसन म्हणाला. "खारट खाल्लं व्हतं ना. स्टेशन आलं. दादा उठत व्हता, मी म्हणलं तू बस, मी आणतो. सगळ्यांची भांडी घेतली. मास्तराचा तांब्या, म्हाताऱ्याचं डबडं, पोरीचा पेला. नळावर गर्दी व्हती. भरून घेतलं अन् वळलो, तर..."

त्याच्या दंडावरच्या खुणेकडे हंसाचं लक्ष गेलं.

"तडकाफडकी गेली सगळी, वहिनी. कोणाला कळलं पण नसंल. ते पाणी माझ्या हातातच राहिलं."

सोजराबाईनं चूल पेटवली होती. मग हंसानं विचारलं, "त्या पोरीच्या घरी कोन सांगायला गेला?"

"कोण जानार? पुरतं नाव-गाव कोणाला ठावं? माझा हात भाजलेला, दवाखान्यात व्हतो. मी फकस्त दादाचं नाव सांगितलं, ठेकेदाराच्या वहीत त्याचा पत्ता व्हता, म्हणून तुमास्नी तार आली."

"म्हंजे त्या पोरीच्या आईला वाटत असंल, पोरगी कुटं पळून गेली."

"वाटत असंल," रामकिसन म्हणाला.

सोजराबाईनं चुलीतून बोंबील काढले, फुंकर मारली आणि एक तुकडा नाक दाबून तोंडात टाकला. मग नाक सोडलं. "वाईट न्हाई," ती म्हणाली, आणि हंसापुढे ताट सरकवलं.

त्या दिवशी हंसा घरी गेली ती गावातून मोठ्यानं बोलत. ज्यांनी कुजबूज केली होती त्यांच्या दारात उभी राहून तिनं सगळं सांगितलं, बोंबलाचं, छत्रीचं, इंजिनातल्या निखाऱ्याचं. चिंतूबाबा ऐकून म्हणाले, "इंजिनावर भाजलान? त्योच तो. दुसरा कोन असं करनार?" आणि मग पहिल्यांदाच रडले. तार आली तेव्हा ते रडले नव्हते.

पण हंसाला आता निराळंच लागून राहिलं. विश्रामचं नाव सांगायला रामकिसन होता. त्या बाकीच्यांचं कोणीच नव्हतं. मास्तराचं नाव कोणाला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याचं नव्हतं. त्यांच्या नावानं कोण काय करणार? त्यांनी तर मरताना पाणी मागितलेलं होतं. म्हणजे मरायच्या आधी. मागितलं होतं आणि ते त्यांना मिळालं नव्हतं.

होळी झाल्यावर तिनं ठरवलं ते सांगितलं. नवापूर-बोईसर रस्त्यावर, जिथून कामाला जाणाऱ्या मजुरांची वाट फुटते, तिथं चिंचेखाली पाणपोई घालायची. गाडीतल्या माणसांची. कोळणी टोपल्या घेऊन जातात, मजूर पायी जातात, उन्हाचं तिथं एक घोट पाणी नसतं.

चिंतूबाबांना पटलं. अडचण एकच होती. किनाऱ्याच्या विहिरींचं पाणी मचूळ. गोडं पाणी होतं ते आत डोंगराच्या अंगाला, वारल्यांच्या पाड्यावरच्या विहिरीचं. तिथून आणणार कोण?

पाड्यावरची नवसी केंद्राच्या कामावर दगड वाहायला यायची आणि हंसाकडून कधीमधी जवळा घ्यायची. हंसानं तिला विचारलं. नवसीनं ऐकून घेतलं, कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आणीन की पानी. पन तुमचे लोक पितील काय माझ्या हातचं?"

प्रश्न खरा होता. चिंतूबाबाच प्रथम अडले. "आपल्या हातानं भरलं तर बरं पडंल. लोक नाक मुरडतील."

"बाबा," हंसा म्हणाली, "त्या डब्यात तुमच्या इश्रामनं बोंबील दिले ते कोनाकोनाला दिले? इचारलान काय त्यानं, तुमी कोन म्हनून? आनि पानी आनायला रामकिसन गेला, त्याला कोनी जात इचारली?"

"ती गाडी होती गं."

"मग ही पन गाडीच समजा."

चिंतूबाबा उठून बाहेर गेले. त्यांना पटलं नव्हतं, पण त्यांनी आडकाठी केली नाही. पाणपोई सुरू झाली. रामकिसननं टोळीतल्या माणसांना घेऊन बांबू आणि झावळ्यांचं छप्पर बांधलं, आणि त्याच्या गाठी अशा मारल्या की वादळ आलं तरी चिंच पडेल, छप्पर नाही. माठ वाळूत रोवले. नवसी पहाटे कामावर जाताना डोक्यावर एक, कडेला एक अशा कळश्या आणून माठ भरायची.

पहिले काही दिवस परगावचे मजूर पीत होते आणि गावच्या बायका तहानलेल्याच पुढे जात होत्या. एकदा दुपारी गावातली एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन आली, उन्हानं भोवळ आली आणि छपराखाली बसली. हंसा बाजारात होती. नवसी जेवणाच्या सुट्टीत तिथं आली होती. तिनं ओगराळं भरून पुढे केलं. म्हातारीनं ते घेतलं, प्यायली, पुन्हा भरून मागितलं आणि तोंड पुसून विचारलं, "कोनाच्या नावाची पाणपोई?"

नवसीनं तिला माहीत होतं तेवढं सांगितलं. म्हातारी उठली ती गावात जाऊन सांगत सुटली, की पाणी अमृतासारखं आहे. मग गावच्या बायका थांबू लागल्या. चिंतूबाबांनी काही दिवस फक्त लांबून पाहिलं. मग एके सकाळी ते स्वतः पाड्याच्या वाटेवर नवसीला भेटले आणि तिच्या कडेची कळशी त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली.

"बाबा, सांडाल," नवसी म्हणाली.

"चाळीस वरसं समुद्रावर होतो. पानी सांडत नाय मी."

पाणी प्यायला थांबलेले लोक विचारायचे आणि ऐकायचे. ऐकून झालं की काही जण आपलंही सांगायचे. एका मद्रासी मजुराचा भाऊ धरणाच्या कामावर दगावला होता. नवसीचा बाप तिच्या लहानपणी रेल्वेच्या खोदकामाला गेला तो परत आला नाही, कुठं पुरला तेही कळलं नाही. "त्याचं पन नाव घेशील काय तुझ्या मानसांत?" नवसीनं हंसाला विचारलं.

"काय नाव?"

"देवू."

"घेईन की. त्याची पन एक जागा ठेवू डब्यात."

हंसाची हाक बाजारात परत आली, ती याच उन्हाळ्यात. आधी लोकांना वाटलं कोणी दुसरीच आहे.

अडुसष्ट संपता संपता तारापूरची जड यंत्रं जागेवर बसली आणि खलाशांचं काम सरलं. ठेकेदारानं रामकिसनला पुन्हा पूर्वेकडे पाठवलं. सोजराबाई पोरांना घेऊन सालवडलाच राहिली. निघताना रामकिसन हंसाला भेटायला नवापूरला आला, खऱ्या नवापूरला. समुद्राकडे बघत उभा राहिला.

"वहिनी, एवढा असंल असं वाटलं नव्हतं."

"भाऊ, त्या पोरीचा काय पत्ता लागला तर बघाल?"

"बोलता बोलता तिनं आईचं गाव सांगितलं व्हतं. नाव आता ध्यानात न्हाई. पन त्याच स्टेशनाच्या पुढलं स्टेशन, अन् आई माग चालवते, एवढं ठावं हाय."

"तेवढं पुरंल," हंसा म्हणाली.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी तो बायकोला न्यायला परत आला आणि सामान टाकून आधी पाणपोईवर आला. हंसा माठ धुऊन नवे भरायची तयारी करत होती. नवसी होती, सोजराबाई होती, चिंतूबाबा छपराची एक गाठ उगीच पुन्हा पुन्हा घट्ट करत बसले होते.

"भेटली," रामकिसन म्हणाला.

पुढल्या स्टेशनावरच्या चहावाल्याला त्यानं विचारलं होतं, की मागावर बसणारी, रूपाही नावाची लेक असलेली बाई इथं कुठं राहते? चहावाल्यानं बोट दाखवलं. रूपाहीच्या सासरच्यांनी गावभर करून ठेवलं होतं की सून कोणाबरोबर तरी पळाली. आई म्हणत होती, यांनीच माझ्या पोरीचं काहीतरी केलं. दोन्ही घरं एकमेकांच्या उरावर बसली होती, आणि पोरीचं नाव कोणी प्रेमानं घेत नव्हतं.

"मी सांगितलं, ती तुझ्याकडंच येत व्हती. कोंबडी घेऊन. आई म्हणली, कोंबडी? कसली? मी म्हणलं, पांढरी, मानेवर काळे ठिपके. तर ती बाई, वहिनी, मागावरून उठली अन् अंगणात गेली. तिच्या अंगणात तशाच कोंबड्या व्हत्या. म्हणली, तिच्या लग्नात मीच दिलती, त्याच कोंबडीचं पिल्लू असंल. मला दाखवायला आणत असंल." रामकिसननं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "मग सासरचा माणूस बोलावून आणला. त्याच्यासमोर मला पुन्हा सांगायला लावलं. तो खाली मान घालून ऐकत व्हता. जाताना त्या बाईच्या पाया पडला."

त्यानं पिशवीतून एक कापड काढलं. पांढरं, हातमागाचं, दोन्ही टोकांना लाल वेलबुट्टी. तिकडं आल्या-गेल्याला मानानं देतात तसं. रूपाहीच्या आईनं ते तीन दिवस बसून विणलं होतं आणि रामकिसनला तोवर हलू दिलं नव्हतं.

"तिला इथलं सगळं सांगितलं. ती म्हणली, पाण्यावर झाकायला न्या."

हंसानं कापड हातात घेतलं. आपल्या लुगड्याला मासळीचा वास आहे म्हणून आधी हात धुतले, मग घेतलं. घडी उघडून मधल्या माठावर ते पसरलं. लाल काठ दोन्ही बाजूंनी खाली आले. सोजराबाई म्हणाली, "देखणं दिसतंय." नवसीनं बोटांनी वीण चाचपून पाहिली आणि विचारलं, "तिला इचारलं काय, भिजलं तर चालंल म्हनून?"

"तिनंच सांगितलं, भिजू द्या."

रामकिसन आणि सोजराबाई आठवड्यात निघून गेले. सोजराबाईच्या ट्रंकेत सुक्या बोंबलांचं गाठोडं होतं आणि त्यावर नवऱ्याचे कपडे. वास लागला तर लागू दे, ती म्हणाली.

त्या वैशाखात एकदा हंसा बाजारातून लवकर परतली. चिंचेखाली केंद्रावरच्या नव्या मजुरांचं टोळकं बसलं होतं आणि नवसी त्यांना तिच्या हिंदीत सांगत होती. तिनं त्यात बरंच घातलं होतं. मास्तराची छत्री आता रेशमी झाली होती. गाडी डोंगरातून चालली होती, आणि ते डोंगर अगदी तिच्या पाड्यामागचे होते. तिचा बाप देवू खिडकीपाशी बसला होता आणि रूपाहीला रस्ता दाखवत होता.

"सब एक ही घर का आदमी था," नवसी म्हणाली.

छत्री रेशमी नव्हती, हे सांगायला हंसानं तोंड उघडलं होतं. मग तिनं ते मिटलं, पलीकडे जाऊन ओगराळं भरून घेतलं, उभ्यानंच प्यायली आणि उरलेली मासळी उन्हानं सुकायच्या आत सालवडला पोचायला हवी म्हणून टोपली पुन्हा डोक्यावर घेतली.